बारा जाळीचे चष्मे

दुष्काळ पडला त्या वर्षी मला नोकरी लागली, हे सांगताना आजही जीभ अडखळते. नगरला ओव्हरसियरचा कोर्स करून मी वर्षभर घरी बसून होतो. पाऊस गेला, दुष्काळी कामं निघाली आणि तिसगावजवळच्या एका खडी केंद्रावर मला हंगामी म्हणून नेमलं. वय बावीस. हाताखाली शंभरावर माणसं, त्यांत बहुतेक बाया. त्यांनी रस्त्यासाठी दगड फोडून खडी करायची, ढीग लावायचे. मी टेप धरून ढीग मोजायचे. मापावर त्यांची मजुरी.

त्यांतल्या कितीतरी जणींनी आजवर दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता. खुरपं त्यांच्या हातात शोभायचं. हातोडा कसा धरायचा हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. दगडाची माहिती असलेला एकच गडी होता, बौद्धवस्तीतला. पुण्याकडच्या खाणींत त्यानं बरीच वर्षं काढली होती.

बाया समोरासमोर रांगा करून बसत, बोलता यावं म्हणून. होळीच्या आधी एका सकाळी अशाच दोन जावा समोरासमोर बसल्या होत्या. थोरलीच्या हातोड्याखालून कपची उडाली ती धाकटीच्या उजव्या डोळ्यात गेली. ती ओरडलीसुद्धा नाही. डोळ्यावर हात दाबून म्हणाली, "काय तरी गेलं गं." दोघी-तिघींनी पदराच्या टोकानं काढायला पाहिलं, तर पदर लाल झाला. खडीच्या ट्रकमध्ये बसवून मी तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत थोरली जाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, डोळा गेला.

तीन आठवड्यांनी धाकटी परत आली. डोळ्यावर पट्टी. माझ्या राहुटीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, माझं नाव काढलं न्हाई ना?"

"नाही."

"मग कुठं बसू?"

मी समोरच्या रांगांकडे पाहिलं. तिला सुरक्षित बसवावं अशी जागा तिथं कुठंच नव्हती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना बाभळीपाशी गोळा केलं आणि विचारलं, हे थांबवायचं तर काय करायचं, तुम्हीच सांगा. साहेबानं मजुराला विचारावं, हीच त्यांना नवलाची गोष्ट. शेवटी थोरली जाऊ खाली मान घालून म्हणाली, "समोरासमोर बसवू नका. येवढंच."

मग खाणीत काम केलेला गडी बोलला. "पाठीला पाठ लावून बसवा, भाऊसाहेब. मधी दोन हात जागा सोडा. हातोड्याचे दांडे ढिले झालेत, ते ठोकून घ्या. आन् खाणीत जाळीचे चष्मे असत्यात. काच न्हाई, तारंची बारीक जाळी. कपची आली तरी जाळीवर आदळती."

एक म्हातारी मागून पुढं आली. "चष्मे येतील तवा येतील. चुंबळी हायेत की. दगड चुंबळीत बसवा, मंग फोडा. कपची चिंधीतच अडकंल."

"आन् घागरीखाली काय घेशील?" कोणीतरी विचारलं.

"घागर भराया पानी कुठं हाय?" म्हातारी म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या. त्या उन्हाळ्यात त्यांना एवढं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसंच केलं. मी कागदावर सगळं लिहून डेप्युटी इंजिनिअर साहेबांकडे पाठवलं, चष्म्यांची मागणीही केली. दोन आठवडे कोणाला काही लागलं नाही. मला वाटलं, जमलं.

पण ढीग लहान झाले. चुंबळीत दगड बसवायचा, फोडायचा, खडी वेचून काढायची, यात वेळ जात होता. मापाच्या दिवशी म्हातारीच म्हणाली, "डोळा ऱ्हायला भाऊसाहेब, पर भाकर अर्धी झाली."

मी पाथर्डीला डेप्युटी साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझा कागद पूर्ण वाचला, चहा पाजला. मी म्हणालो, "साहेब, चुंबळ वापरणाऱ्यांना मापात थोडी सूट द्या."

"तुझं खरं आहे," ते म्हणाले, "पण माप मी ठरवत नाही. तूही ठरवत नाहीस. चष्म्यांचं बघतो."

त्यांनी खरंच बघितलं. महिन्याभरानं एक खोकं आलं. त्यात बारा चष्मे होते.

ते मी बायांसमोर ठेवले आणि कोणाला द्यायचे ते ठरवा म्हटलं. मला वाटलं होतं, भांडणं होतील. थोरल्या जावेनं एक चष्मा उचलला, सरळ धाकटीच्या मांडीवर ठेवला. "हिचा येकच ऱ्हायलाय. हिला पयला." कोणी हरकत घेतली नाही. मग अंगावर पाजणाऱ्या बायांना, मग ज्यांच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही त्यांना. अकरा संपले तेव्हा म्हातारीपुढं शेवटचा आला. तिनं तो शेजारच्या पोरीपुढं सरकवला. "माझं काय बघायचं ऱ्हायलंय आता? द्या पोरीला."

चष्मे उन्हात तापत, नाकावर चटके बसत. बाया खाली चिंधी लावत, घाम आला की काढत आणि पुन्हा लावत. बाकीच्या एकेक करून चुंबळ सोडून देत होत्या. मला ते दिसत होतं. चुंबळीशिवाय कोणी बसायचं नाही असं मी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावायचा धीर झाला नाही. मापाची टेप माझ्याच हातात होती.

वैशाख संपता संपता म्हातारीला लागलं. डाव्या डोळ्यात. मी धावत गेलो, आणि तोंडातून निघालं ते इतकंच, "मावशी, चुंबळ कुठंय?"

तिनं डोळ्यावरचा हात काढला नाही. "ढीग भरंना, भाऊसाहेब," ती म्हणाली. रागानं नाही. उलट माझीच समजूत घातल्यासारखं.

तिला दवाखान्यात पोचवून परत आलो, तर सगळ्याजणी काम करत होत्या. कोणी वर पाहिलं नाही. मी राहुटीत बसून आणखी एक कागद लिहिला. आधीच्या कागदापेक्षा त्यात वेगळं काहीच नव्हतं.

पंधरा दिवसांत माझी बदली कर्जतकडच्या केंद्रावर झाली. तिथंही बाया समोरासमोर बसल्या होत्या. रांगा फिरवून पाठीला पाठ लावून बसायला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला काही खर्च लागत नव्हता. पण त्यांना गोळा करून, तुम्हीच सांगा काय करायचं, असं विचारायला मात्र मला फार दिवस लागले. त्या काय सांगतील ते मला ठाऊक होतं, आणि त्यातलं मला काय देता येणार नाही, तेही.