श्रावणातली वाम

कुठल्या माशाशेजारी कुठला मासा सोडावा, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. शाळा माझी चौथीतच सुटली. पण वालावलीला आमच्या विहिरीजवळ दगडी डोण होती, तिच्यात माझा बापूस हौसेनं मासे पाळायचा. त्यानं सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं: वामीच्या तोंडात मावेल असा मासा तिच्यासोबत ठेवू नये, आणि ठेवलाच तर वामीला उपाशी ठेवू नये.

सासर माझं तोंडवलीला, समुद्राच्या काठावर. नवरा मुंबईला गोदीत. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी असेल. मे महिन्यात ते आगबोटीनं आले ते गोणपाटात गुंडाळलेली काचेची पेटी घेऊन. साहेबाच्या घरी बघितली, आपल्याकडेही असावी असं वाटलं. सोबत पत्र्याच्या डब्यात चार सोनेरी मासे, तळहाताएवढे, आणि डझनभर पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे. पेटी ओटीवर बाकावर ठेवली. गाव बघायला लोटला. सासूबाई प्रत्येकाला सांगत, "झिलान हाडल्यान." झील म्हणजे मुलगा, हाडणं म्हणजे आणणं. पेटीतलं पाणी रोज कोण बदलतं ते मात्र कोणी विचारलं नाही.

नवरा म्हणाला, एखादा आपल्याकडचा मासा पण असू दे. म्हणून मी माहेरी गेले तेव्हा बापसाकडून वाम मागून घेतली. वीतभर, सापासारखी लांबट, अंगावर जाळीसारखी नक्षी, पाठीवर बारीक काटे, नाक जरा लांब. कळशीत घालून एस्टीनं आणली. वाळूही तिकडचीच, खाडीच्या वरच्या अंगाची, मऊ. आमच्या वेळेवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू खरखरीत, शिंपल्यांच्या चुऱ्याची. वाम दिवसभर वाळूत अंग पुरून नाक तेवढं बाहेर ठेवते, तिची कातडी सोलली असती.

नवऱ्याला मी म्हटलं, "हे बारके मासे हिच्यासोबत नको. सोनेरी ऱ्हवांदेत, नायतर काळुंदरां हाडूया, ती चपटी, हिच्या तोंडात जावची नाय."

ते हसले. "ऱ्हवतली गो सगळी. एका घरात माणसां ऱ्हवत नाय काय?"

ते मुंबईला गेले. दोन महिने सगळी राहिलीसुद्धा. कारण मी तिला भरवत होते. वाम मेलेलं, सुकं काही खात नाही. दिवेलागणीला वाळूतून बाहेर येते, आणि खाणं हलतंय असं दिसलं तरच तोंड लावते. मी ओढ्यातली जिवंत बारीक सुंगटं, म्हणजे कोळंबी, फडक्यानं धरून आणत असे. पुढे पुढे ती माझ्या बोटांतून सुंगट ओढून घेऊ लागली. त्या घरात माझ्या येण्याची वाट बघणारं तेवढंच एक होतं. हसू येईल कोणाला, पण ती जगावी यापलीकडे मला त्या दिवसांत काही नको होतं.

मग श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद, ती थेट गणपती पोचवून होईपर्यंत. ते मी पण पाळत होतेच. पण सासूबाई म्हणाल्या, "आता सुंगटां उंबऱ्याच्या भुतूर येवची नाय."

"मगे वाम खातली काय?"

"शीत घाल."

"ती शीत खाणा नाय, आई."

"आमी मासे खाणव नाय, म्हणान मरतव काय? तुझ्या वामीक येगळो श्रावण आसा?"

रोज चार शितं टाकायची. ती वाळूवर पडून फुगायची, पाणी नासायचं. मी दोनदा पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी न राहवून गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यातून गांडुळं काढली. पावसात ती किती हवी तेवढी मिळतात. तिनं तीन गिळली. पाच-सहा दिवस चाललं. मग सासूबाईंनी माझी ओंजळ बघितली.

"श्रावणात जीव मारतंस? आणि ह्याच हातान देवाची फुलां काढतलंस?"

मी गांडुळं परत खड्ड्यात नेऊन टाकली. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज सांगते आहे.

आठवड्याभरानं पट्ट्यांचे मासे मोजले तर नऊ. मग सहा. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सुनेच्या म्हायेरची पावणी बघ. घरातल्यांकच खाता." शेजारीण हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकही उरला नव्हता. वाम बाहेर यायची, काचेला नाक लावून माझ्या बोटांकडे बघायची. डोक्यामागे बारीक झाली होती.

नवरा चतुर्थीला एस्टीनं आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी पेटीत वाकून बघितलं. आईनं सांगायचं ते सांगितलं. मी म्हटलं, "मी सांगितलेलंय, उपाशी ऱ्हवली तर..."

"तूच हाडलंस मां तिका?" ते म्हणाले. तेवढंच. पुढे आरतीचं ताट आणायला सांगितलं.

गणपती पोचवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला, मासळी आली नाही. दीड महिना कोणाच्या तोंडाला मासा नव्हता. सासूबाई पेटीपाशी गेल्या आणि माझ्याकडे बघितलं. नवरा ओटीवर सुपारी कातरत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

वाम हातातून निसटते, म्हणून राख लावून धरतात. मला राख लागली नाही. ती आपण होऊन बोटांपाशी आली. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मीच चिरली. पोटात काय आहे ते बघायला सासूबाई वाकल्या. काही नव्हतं.

त्रिफळं घालून तिखलं केलं. पुरुष जेवले, मग आम्ही बसलो. सासूबाईंनी शेपटीकडचा तुकडा माझ्या ताटात घातला. स्वतःचा खाता खाता म्हणाल्या, "गोड्या पाण्याची आसान चिखलाचो वास येणा नाय."

कसा येईल. साडेतीन महिने तिचं पाणी मी बदलत होते. मला भूक लागली होती. मी खाल्ला.