मिरगाचं टोपलं

मी सासरी आले तेव्हा मला पोहता येत नव्हतं आणि मासाही साफ करता येत नव्हता. भोयाच्या घरात ही दोन्ही दुःखं फार दिवस टिकत नाहीत. आमचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठी. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामांची गाठ साऱ्या घाटावर नावाजलेली. एकदा मारली की सोडवायला विळाच आणायचा. आत्यांचं तोंड एकदा सुटलं की मात्र मामांची गाठही कामाला येत नाही.

मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी, आमच्याकडे घरोघरी मासे खातात. त्यातही मरळ लागते, आणि ती जिवंत लागते. म्हणून आधीपासून मिळेल ती मरळ बांबूच्या मोठ्या टोपल्यात टाकायची, झाकण बांधायचं आणि टोपलं काठाला पाण्यात बुडवून ठेवायचं. त्या वर्षी मामांनी आमचं टोपलं सगळ्यांपासून लांब, उंबराच्या सावलीत बुडवलं. मासा थंड राहील म्हणाले.

त्याच उंबराच्या मुळांत पाणमांजरांच्या एका जोडीनं घर केलं होतं. मामांच्या लहानपणी नदीत पाणमांजरं पुष्कळ होती, मग माणसांनी फासे लावून संपवली. आता ती परत आली तशी मासे पळवू लागली, जाळी फाडू लागली. लोक म्हणाले, फासे लावू. बैठकीत मामांनी हात जोडले. "एवढा मिरग जाऊ द्या. कुणाच्या टोपल्याला त्यांनी तोंड लावलं तर मी आडवा येणार न्हाई." लोक कबूल झाले. घरी आत्यांनी मामांची जी पूजा बांधली ती मी तोंडात पदर कोंबून ऐकली.

"घरच्यांच्या पोटावर पाय देऊन मांजरं पाळून राहिले," त्या म्हणत होत्या.

मिरगाच्या सकाळी आम्ही तिघं सगळ्यांच्या आधी पोचलो. मामांनी आणि मी टोपलं ओढलं. ते फारच हलकं लागलं. झाकण बंद, गाठ जशीच्या तशी. पण एका अंगाला काड्या कुरतडून मोठं भोक पाडलेलं, आणि आत मरळीचं एक शेपूट. घाटावरून माणसं खाली येताना दिसत होती.

मामांनी कमरेचा विळा काढला आणि स्वतःची गाठ कापली. दोरी पाण्यात सोडून दिली.

"काय झालं, मामा?" सगळ्यांत पुढे आलेल्या शेजाऱ्यानं विचारलं. फासे लावायची घाई सगळ्यांत जास्त त्यालाच होती.

"गाठ सैल राहिली. झाकण उघडलं, मासे गेले."

"तुमची गाठ?" तो टोपलं बघायला वाकला.

तेवढ्यात आत्यांनी टोपलं उचलून कमरेवर घेतलं, भोक अंगाकडे करून, वरून पदर. "हाव, ह्यांचीच," त्या कडाडल्या. "म्हातारपणी दोरी बी बांधता येईना. माझंच नशीब."

सारा घाट हसला. मामाही हसले, कान लाल होईपर्यंत. बाकीच्यांची टोपली भरलेली निघाली, आणि फाशांचा विषय कुणी काढला नाही. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की वाटेत मी उगाचच आत्यांच्या कमरेवरचं टोपलं ओढून घेतलं.

मिरगाला मासा नसलेलं भोयाचं घर म्हणून दुपारी शेजाऱ्यानंच वाटीभर कालवण पाठवलं, वर दोन टोमणे. आत्यांनी त्यातला मोठा तुकडा मामांच्या ताटात वाढला आणि भाकरी मोडता मोडता, खालमानेनं विचारलं, "पिल्लं किती हायत त्या मांजरीची?"

"तीन."

"मंग पुरले असतील मासे," आत्या म्हणाल्या.