दहा फोनांचा आमचा आड

जिनिंग फॅक्टरीत काम करणाऱ्याच्या अंगावर कापूस चिकटतोच. झटकून घरी गेलं तरी वेणीत एखादा तंतू सापडतो. किस्स्यांचंही तसंच. मी काही गोळा करायला गेले नव्हते, पण एका सीझनमध्ये इतके चिकटले की आता बसून वेचावेच लागणार.

शहाद्याकडच्या एका जिनमध्ये मी टेलिफोनच्या बोर्डावर बसत असे. धुळ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली मुलगी, आणि दार वाजलं तरी दचकणारी. बोर्डावर दहा नंबर. एक नंबर शेठजींचा, बाकीचे गेट, काटा, जिन, रुईच्या गाठी बांधायची प्रेस, इंजिन, गोडाऊन असे. पोस्टाच्या लायनीशी काडीचा संबंध नाही. तार आवाराच्या भिंतीपाशी संपायची.

मॅनेजरांनी आणवलेला हा बोर्ड शेठजींना खूळ वाटे. व्हरांड्यात उभं राहून हाक मारली की प्रेसपर्यंत पोचते, असा त्यांचा अनुभव होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बेन, एक सीझन बघतो. नाही पटलं तर आखाजीच्या आधी बोर्ड काढायला माणूस बोलावीन." बोर्ड गेला की मीही घरी. आणि घरी गेले की आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लगीन, हे वडिलांनी ठरवूनच ठेवलं होतं.

•

तापीकाठच्या गावचे नरोत्तमकाका कापसाच्या गाड्या घेऊन आले, बोर्ड बघून हरखले. "पोरी, सुरत लाव. भाचा आहे तिथे."

"काका, ह्यावर सुरत लागत नाही. फक्त आवारातली माणसं आवारातल्यांशी बोलतात."

"मग आवारात बोलायला तोंडं नाहीत का तुम्हाला?"

आत शेठजी मोठ्यांदा हसले. माझे कान तापले. पण माघार घेतली असती तर तिथेच संपलं असतं. म्हटलं, "काका, पोस्टाचा फोन म्हणजे गावची विहीर. रांग लावा, वाट बघा, चार जण ऐकतात. हा आमचा घरातला आड. पाणी घरापुरतंच, पण हात घातला की मिळतं. आणि बाहेरचा कुणी पोहरा टाकत नाही."

काकांनी पगडी सरकवून विचार केला. मग उठले. "म्हणजे सुरत आडातच नाही. पोहऱ्यात कुठून येणार?"

दुसऱ्या दिवसापासून सगळं जिन बोर्डाला 'आड' म्हणू लागलं. काट्यावरचा मापाडी तर अहिराणीत विचारायचा, "ताई, आडवर बठेल शेत ना?" म्हणजे, आडावर बसल्या आहात ना?

•

बोर्डाची घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा मी स्टुलावरून खाली पडले. दुसऱ्यांदा वाजली तेव्हाही. तिसऱ्या दिवशी मी घंटेच्या टोल्याला रुई गुंडाळली. जिनमध्ये रुईला काय तोटा?

आता आवाज नाही. कुणी फोन उचलला की त्याच्या नंबरावरची पत्र्याची झडप तेवढी खाली पडायची. ती चुकू नये म्हणून मी दिवसभर पापणी न लवता बोर्डाकडे बघत बसे. आठवड्याने शेठजींनी दारातून डोकावलं, बराच वेळ उभे राहिले आणि मॅनेजरांना हळूच म्हणाले, "हिला बोर्डावर बसवलंय की देवघरात?"

पण सबंध सीझनमध्ये पडलेली एकही झडप माझ्या नजरेतून सुटली नाही. हे मी सांगितलेलं बरं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

•

गेटवर रामसिंग. तोरणमाळच्या घाटाखालचा, घरी पावरी बोलणारा, आमच्याशी मोजकी अहिराणी. फोन त्याला मनापासून आवडे. एका सकाळी मॅनेजरांनी विचारायला सांगितलं, गेटवर किती गाड्या उभ्या आहेत?

विचारलं. पलीकडे रिसीव्हर खडखडला. मग एकदम घुंगरांचा, बैलांच्या फुरफुरण्याचा, गाडीवानांच्या भांडणाचा नुसता कल्लोळ. त्याने रिसीव्हर गाड्यांकडे धरला होता.

मग तो स्वतः फोनवर आला. "ऐक्यात ना ताई? तितल्या शेतस."

मी मॅनेजरांना सांगितलं, "पुष्कळ आहेत." ते गेले, बघून आले, म्हणाले, "बरोबर आहे."

•

माघातल्या एका दुपारी प्रेसची झडप पडली. दगाआबा मुकादम. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस.

"ताई, काही घाई नही. पन प्रेसमा धूर दिखी ऱ्हायना."

जिनमध्ये धूर म्हणजे काय, ते लिहायला नको. कुठली वायर कुठे जाते ते माझ्या हातांना माझ्याआधी कळलं. इंजिन, पंप, गोडाऊन, गेट, सगळे एकदम जोडले आणि म्हटलं, "प्रेसमध्ये धूर आहे. इंजिन थांबवा. पाणी सोडा."

शेठजी व्हरांड्यात आले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. तोवर इंजिन थांबलं होतं आणि बादल्यांची रांग प्रेसकडे धावत होती. हाक तोंडातच राहिली. दोन गाठी काळ्या झाल्या, एवढंच.

संध्याकाळी इंजिनवाल्याला मी विचारलं, "एकदा सांगितल्यावर लगेच कसं थांबवलंत? कोण, कुठे, काहीच विचारलं नाहीत."

तो म्हणाला, "ताई, तुम्हना आवाज इतला कापत व्हता, इचारानी हिंमतच नही व्हयनी."

•

तरीही आखाजीच्या चार दिवस आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माणूस आलाच. शेठजींच्या समोर खुर्चीवर बसला. मधल्या उघड्या दारातून मला दोघंही दिसत होते. मी माझा डबा आणि छत्री आवरून ठेवली.

तेवढ्यात बोर्डावर एक नंबरची झडप पडली. सीझनभरात पहिल्यांदाच.

"बेन, सगळ्यांना एकदम जोड."

जोडलं.

"बोर्ड काढायला माणूस आलाय," शेठजी फोनमध्ये म्हणाले. "काढू की ठेवू? बोला."

नऊ फोन उघडे होते. नऊही ठिकाणचा श्वास मला ऐकू येत होता.  मग एकेक करून रिसीव्हर ठेवल्याचे आवाज आले. इंजिनाचा पट्टा उतरला. जिन थांबलं. 

मी खिडकीतून बघितलं. प्रेसकडून दगाआबा हात पुसत येत होते. गेटवरून रामसिंग, काट्यावरून मापाडी, इंजिनावरून इंजिनवाला. नऊच्या नऊ जण. पायरीशी चपला काढून, टोप्या नीट करून आत आले आणि शेठजींसमोर ओळीत उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या, मालक," दगाआबा म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शेठजींच्या कानाला रिसीव्हर तसाच होता. "अरे, एवढंच फोनवर सांगायचं ना. जिन बंद करून चालत आलात?"

"मालक," दगाआबा म्हणाले, "इतली मोठी गोट फोनवर कशी सांगो?"

शेठजींनी त्या नऊ जणांकडे पाहिलं. मग तोंड रिसीव्हरकडे नेलं.

"बेन, ह्या सगळ्यांना आपापल्या जागेवर जायला सांग. आणि स्क्रू-ड्रायव्हरवाल्याला चहा."