दुसऱ्या भागाला आलेला माणूस

चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये गुप्तहेराच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. माझ्या शेजारचा माणूस वनमजूर होता. जंगलातल्या चौकीवर एकटाच राहतो, हे त्यानं बसल्याबसल्या सांगून टाकलं. पडद्यावर हेर पाय न वाजवता झाडीत शिरला, तसा हा मोठ्यानं खाकरला. वाघाला चाहूल द्यायची रोजची सवय! लोक हसले.

मध्यंतरात मी विचारलं, "भाऊ, मारामारी जमली ना?"

"मारामारी तं कोनीबी करते. दुसऱ्या भागात जुन्या माणसानं हिरोले ओळखलं पाह्यजे. तवाच मजा येते."

मग मला निरखत म्हणाला, "पहिल्या भागाले तुमी इथीच बसले होते ना?"

पहिला भाग मी घरी मोबाइलवर पाहिला होता, एकट्यानं.

"हो," मी म्हणालो. "तवाबी तुमी असेच खाकरले होते."