आत्याच्या मापाचे सँडल

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. गावाकडच्या नातेवाइकांच्या लेखी ते मुंबईतलं घर. मुंबई तिथून एसटी, मग गाडी असं करत दोन-अडीच तासांवर आहे, हे त्यांना सांगून काही उपयोग नसायचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, की पाहुणे रिकाम्या पिशव्या घेऊन आमच्याकडे उतरायचे आणि चहा पिता पिता विचारायचे, "उद्या बाजाराला कोण नेणार?"

नेणारी मी. बाबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, त्यांना रजा मिळायची नाही. आईला मुंबईत चक्कर यायची. मी ठाण्याला कॉलेजात जात होते, म्हणून घरातला वाटाड्या मीच. कापडाला मंगलदास मार्केट, साड्यांना दादर, खोट्या दागिन्यांना भुलेश्वर, दिव्यांच्या माळांना लोहार चाळ. क्रॉफर्ड मार्केट नुसतं बघायला. पाहुणे सगळीकडे भाव विचारत, काही न घेता पुढे जात आणि संध्याकाळी दमून पहिल्याच दुकानात परत येत. भाकऱ्या घरून बांधून आणलेल्या असायच्या. त्या कुठेतरी सावलीत बसून खायच्या. मला या कामाचं प्रेम होतं असं नाही. मोठी माणसं आपल्या मागून निमूट चालतात, हे मात्र आवडायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आत्या आली. बाबांची थोरली बहीण. भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावची मुलगी, पण सोळाव्या वर्षी लग्न होऊन माळशेज घाटाच्या वर जुन्नरकडे गेली ती तिकडचीच झाली. आता तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवरीच्या साड्या, मानाची लुगडी, ब्लाउजपीस अशी लांबलचक यादी तिच्या डोक्यात होती. कागद नव्हता.

आत्याचा डावा पाय उजव्यापेक्षा लहान होता. लहानपणी ताप आला आणि तो पाय वाढायचा राहिला. चालताना ती किंचित कलायची. आमच्या घरात याबद्दल कुणी कधी बोलत नसे. मला वाटतं, आम्हाला ते दिसायचंच बंद झालं होतं. तिच्या सासरच्या गावात एक चांभार होता, तो दर दोन वर्षांनी तिचे पाय बघून दोन वेगवेगळ्या मापांच्या वहाणा करून द्यायचा. त्याची नजर गेली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि ते काम थांबलं. तेव्हापासून आत्या रबरी स्लिपर घालत होती. डावीत कापडाचा बोळा आणि वरून नाडी बांधलेली.

पहिल्या दिवशी आम्ही यादी संपवली. आत्यासारखं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. दुकानदाराने दहा साड्या उलगडल्या की ती दोनांवर बोट ठेवायची, बाकीच्या मिटायला सांगायची आणि भावाचं बोलायला लागायची. तीन वाजता आमच्या चारही पिशव्या भरल्या होत्या.

रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या आणखी एक काम हाय. तू सँडल कुठून घेतेस?"

"लिंकिंग रोडवरून. का?"

"मग तिथे जाऊ."

वांद्र्याच्या लिंकिंग रोडला तेव्हा फुटपाथभर चपलांचे स्टॉल होते. प्रत्येक जोडीतला एकच नग वर टांगलेला, दुसरा मागे पोत्यात. आत्या एका स्टॉलपुढे थांबली आणि टांगलेले सँडल एकेक करून हाताने फिरवून पाहू लागली. तळ, शिलाई, बक्कल. मग तिने एक निवडलं आणि उजव्या पायात घातलं. बरोबर बसलं. विक्रेत्याने दुसरं काढून पुढे ठेवलं. डावा पाय त्यात बुडाला.

मला आधी काय चाललंय तेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी विक्रेत्याजवळ सरकले आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "इनका एक पैर छोटा है. बचपन से. देखो, कुछ हो सकता है तो."

हिंदी अशासाठी, की आत्याला समजू नये.

तो म्हणाला, "दो जोड़ी ले लो, दीदी. एक बड़ी, एक छोटी."

आत्याने सँडल पायातून काढलं, होतं तिथे टांगलं आणि त्याला म्हणाली, "और बाकी के दो किसको पहनाऊँ, भैया?"

तो हसला. मी हसले नाही.

रस्ता ओलांडल्यावर ती मला म्हणाली, "मला हिंदी कळते गो. लहानपणी आईबरोबर शेलारहून भाजीची पाटी घेऊन भिवंडीत यायचे. निम्मी गिऱ्हाइकं हिंदीच बोलायची." आवाजात राग नव्हता. माफी मागायला हवी होती हे तेव्हाच कळलं होतं, पण ती कशा शब्दांत मागतात ते सुचेना.

पुढे आणखी चार ठिकाणी गेलो. एक काचेच्या दारांचं मोठं दुकान होतं. मी एरवी तिथे शिरले नसते, आत्या सरळ आत गेली. तिथल्या माणसाने तिला खुर्चीवर बसवलं, खाली वाकून लोखंडी पट्टीवर दोन्ही पाय मोजले आणि सांगितलं, "उजवा सात, डावा पाच." मग सौम्यपणे म्हणाला की माल वरून जोडीनेच येतो, फोडता येत नाही. आत्या दुकानातून बाहेर आली ती जरा खुशीतच. "सात आणि पाच," ती म्हणाली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या बाईला आपल्या पायांचे नंबर पहिल्यांदा कळले होते. बसमध्ये तिने ते मला दोनदा ऐकवले.

घरी आल्यावर बाबा चिडले. लग्न तोंडावर आलेलं असताना सँडलसाठी दिवस घालवला, याचा राग. "इतकी वर्षं चाललंच ना?" ते म्हणाले.

"चालले मी," आत्या म्हणाली. "तू न्हाय."

बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईने कपबशा उचलल्या. मला वाटलं आता आत्या पिशव्या बांधेल आणि सकाळची गाडी धरेल. पण ती लिंबू कापून सरबत करत बसली, आणि एक पेला बाबांना बाहेर नेऊन दिला. दोघं ओट्यावर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

समोरच्या खोलीत उत्तर प्रदेशातला एक माग चालवणारा कामगार राहायचा. ओट्यावरचं बोलणं त्याने ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी नळावर बाबांना म्हणाला, "मेरा भाई कुर्ला में चप्पल के कारखाने में है. वहाँ बनवा लो ना. कल शुक्रवार है, मैं ले चलता हूँ." शुक्रवारी भिवंडीत माग बंद असायचे. गल्लीत तेवढा एक दिवस हळू बोललेलंही ऐकू येई.

बाबा म्हणाले, "मी पण येतो." रजा न मिळणाऱ्या बाबांनी त्या शुक्रवारी रजा काढली.

कुर्ल्यातली ती वस्ती म्हणजे एकाला एक चिकटलेले कारखाने होते. कारखाना म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. दारात सोलांचे ढीग, आत चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास. आमच्या शेजाऱ्याचा भाऊ आम्हाला एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेला. तो साताऱ्याकडचा मराठी माणूस निघाला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्याने पुठ्ठा जमिनीवर टाकला आणि म्हणाला, "ठेवा पाय."

आत्याने पदराने डावा पाय पुसायला घेतला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "पुठ्ठाच आहे."

दोन्ही पायांभोवती त्याने पेन्सिल फिरवली. पाठीमागच्या फळीवर पावलांच्या आकाराचे लाकडी साचे रचून ठेवले होते, उजवे एका बाजूला, डावे दुसऱ्या बाजूला. त्याने एकीकडून सातचा काढला, दुसरीकडून पाचचा. त्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही नसावं. मी मात्र ते दोन साचे शेजारी शेजारी पाहत उभी राहिले. अख्खा दिवस आम्ही जे शोधत फिरलो, ते या माणसाला नुसता हात लांब करून मिळत होतं.

मग तो म्हणाला, "डाव्याला टाच अर्धं बोट उंच देऊ का? कमरेला बरं पडंल."

"असं होतं?" आत्याने विचारलं.

"होतं की. रंग कुठला?"

गावच्या चांभाराकडे एकच रंग असायचा, कातड्याचा. एका मिनिटात साडी निवडणारी आत्या भिंतीवर टांगलेल्या रंगीत पट्ट्यांकडे इतका वेळ बघत राहिली, की बाबा म्हणाले, "अगो, सांग काहीतरी." शेवटी तिने मरून रंगाचा पट्टा आणि सोनेरी बक्कल दाखवलं. बाबा म्हणाले, "हा भारी दिसतो." आत्या म्हणाली, "म्हणूनच."

सँडल व्हायला पाच दिवस लागणार होते. लग्नाचं घर तिकडे खोळंबलेलं असताना आत्या पाच दिवस आमच्याकडे राहिली. शेलारला भावकीत जाऊन आली, आईला पापड लाटू लागली. सहाव्या दिवशी मी आणि ती कुर्ल्याला गेलो. तिने सँडल घातले, बक्कल लावलं आणि कारखान्यासमोरच्या बोळात टोकापर्यंत चालत जाऊन परत आली. कलणं पूर्ण गेलं नव्हतं. पण कमी झालं होतं, ते मलाही दिसलं. "कडक हाय थोडं," ती म्हणाली. कारागीर म्हणाला, "घाला आठवडाभर घरात." तिने तिथून निघताना जुन्या स्लिपर मागितल्या नाहीत. त्या तिथेच राहिल्या.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. मी दिवसभर तिच्या पायांकडे बघत होते. दुसरं कुणी बघत असल्याचं मला दिसलं नाही. फोटोंत सँडल कुठेच नाहीत, कारण साडीचा काठ जमिनीपर्यंत आलेला आहे.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी नोकरीला लागले होते. मी म्हटलं, रविवारी कुर्ल्याला नेते. ती शनिवारीच एकटी गेली. बाबा संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर उभे होते. ती सहा वाजता शेअर रिक्षातून उतरली, हातात नवा जोड आणि जाळीत बांधलेले कांदे. "कुर्ल्याला स्वस्त मिळाले," एवढंच म्हणाली. बाबांनी जाळी उचलली आणि तिच्या पुढे चालू लागले.

नव्वदचं दशक अर्धं उलटेपर्यंत नाक्यावरच बरीच दुकानं झाली आणि आमच्याकडे उतरणारे पाहुणे कमी झाले. आत्या येत राहिली. एका मे महिन्यात ती आपल्या गावातल्या सहा बायका घेऊन घाट उतरली. रात्री आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या मधोमध बसून त्यांना सांगत होती: कापड कुठे, बांगड्या कुठे, कुठल्या गल्लीत भाव निम्मा करून मागायचा, पाणी कुठे प्यायचं. मंगलदास मार्केटच्या ज्या दारातून मी तिला नेलं होतं त्याच्याऐवजी तिने दुसरं दार सांगितलं. ते जवळचं होतं. मला माहीत नव्हतं.

सकाळी त्या सातजणी रिकाम्या पिशव्या काखेत मारून निघाल्या. माझी ड्युटी होती. मी सगळ्यांच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि दार लावून कामावर गेले.