उरलेली जागा

सिन्नरच्या माझ्या वर्कशॉपमधलं कटिंग मशीन अजून पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर चालतं. त्याची हार्ड डिस्क गेली आणि तीन दिवस काम ठप्प झालं. शेवटी नाशिकहून एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी पिशवीतून दुसरी डिस्क काढून जोडली, ती फिरायला लागल्यावर डोळे मिटून तिला कान लावला, आणि मग कीबोर्डकडे न बघता पार्टिशन केलं, म्हणजे वापरायची जागा आखून दिली. चाळीस जीबीच्या डिस्कमधले दोनच जीबी घेतले.

“बाकीची जागा वायाच की!” मी वैतागलो.

“ह्या जुन्या कॉम्प्युटरला तेवढीच दिसते, साहेब,” ते दमलेल्या आवाजात म्हणाले. “जास्त दिली की हा अडकतो. एवढ्यात भागतंय ना त्याचं? मग झालं.”

मशीन सुरू झालं. मी त्यांना स्टँडवर सोडलं. नाशिकच्या शेअर जीपमध्ये अजून कुणीच नव्हतं, तरी ते मागच्या बाकाच्या टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसले.

“ऐसपैस बसा की काका.”

“लोक येतील ना,” ते म्हणाले.

बराच वेळ थांबूनही दुसरं कुणी आलं नाही, तेव्हा जीप तशीच निघाली. वळणावर दिसले, तेव्हाही ते त्याच टोकाला होते.