ढगांसाठी लाल फिल्टर

मला फोटोग्राफीतलं कळतं, असं आमच्या घरात एकाच माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस मी. मासिकांतल्या फोटोंत आकाश कसं काळंभोर आणि ढग पांढरेशुभ्र. माझ्या फोटोंत आकाश म्हणजे नुसती चुना फासलेली भिंत. याचं मला जेवढं वाईट वाटे, तेवढं मॅट्रिकला गचकलो तेव्हाही वाटलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन गल्लीत शिरला की वहिनी हातातलं काम टाकून दारात येई, आणि तो पुढं गेला की परत आत जाई. अशात दादाच्या पलटणीतला एक जण सुटीवरून परत जाता जाता आमच्याकडं आला. दादा धडधाकट आहे म्हणाला. घरच्यांचा एक फोटो तेवढा घेऊन ये, एवढंच दादानं मागितलं होतं. हा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघणार होता.

"भाऊजी, फोटो आजच झाला पाहिजे जी," वहिनी म्हणाली. मी कॉलर ताठ केली.

फोटोची काचेची प्लेट एकच उरली होती. लढाईमुळं दुसरी मिळायची आशा नव्हती. धरमपेठेतल्या आमच्या घराचं अंगण असं अरुंद, की कॅमेरा मागं न्यावा तर पाठ शेजाऱ्याच्या भिंतीला टेकायची. म्हणून वाइड अँगल लेन्स लावली, आणि आकाशात ढग झकास होते, ते उठून दिसावेत म्हणून तिच्यावर पिवळा फिल्टर चढवला. काळ्या कापडाखाली डोकं घालून पाहतो, तर चारही कोपरे काळे! फिल्टरचं पितळी कडं जाड, आणि ही लेन्स पाहणार आडवीतिडवी. तिला ते कडंच दिसून राहिलं होतं. डाव्या टोकाचे काका अर्धे गेले होते, उजव्या टोकाची आत्या अख्खी.

"आत्या, जरा आत सरक."

"अजून किती सरकू गा? तुह्या आईच्या मांडीवर बसू काय?"

वहिनी हळूच म्हणाली, "फिल्टर काढूनच टाका ना जी. आम्ही दिसलो म्हणजे झालं."

बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच मला पटलं नाही. "तुम्हाला यातलं कळत नाही," असं तिला सांगून मी सगळ्यांना उन्हात तसंच बसवलं आणि सायकलवरून सीताबर्डी गाठली. तिथं फोटोच्या सामानाच्या दुकानात जिलेटिनचे रंगीत पातळ तुकडे मिळत. ते कापून लेन्सच्या मागं बसवायचे, कड्याची भानगडच नाही. पिवळे संपले होते. लाल होते. दुकानदार म्हणाला, "लालनं तर ढग आणखीच उठून येतील, बाबूजी." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी कात्री मागितली होती.

घरी येऊन तो तुकडा भाताची शितं लावून लेन्सच्या मागं चिकटवला. आई बघत होती. "ताटात वाढला भात तर सांडवते हा, आणि शितानं यंत्र जोडते," म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. कोपऱ्यांतून काका आले, आत्या आली, ढग तर होतेच. फोटो काढला.

सकाळी उन्हात छापून पाहिला आणि मी ओरडतच घरात पळालो. काय ढग होते! वर्षभर स्वप्नात पाहिलेले, अगदी तसे. सगळे गोळा झाले, आणि ढगांकडं कोणी बघेचना.

आई, आत्या, वहिनी, एकीच्याही कपाळावर कुंकू नव्हतं.

लाल फिल्टरनं लाल रंग पांढरा पडतो, हे मला तोंडपाठ होतं. मित्रांना ऐटीत समजावूनही सांगत असे. फक्त घरातल्या बायकांच्या कपाळावर काय लाल असतं, एवढंच या महापंडिताच्या ध्यानात आलं नाही.

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अरे, मी आहे ना अजून?" म्हणाले. आत्या फिस्सकन हसली आणि वहिनीकडं पाहताच तिनं हसू आवरलं.

वहिनीचा चेहरा उतरला होता. "भाऊजी," ती म्हणाली, "माझं असं कपाळ त्यायच्या हातात द्याचं? तिथं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी प्लेट नव्हती, आणि तो पलटणीतला माणूस तासाभरात येणार होता. फोटोवरचे डाग झाकायची काळी शाई नि बारीक कुंचला मी घेऊन आलो, पण घाईत पहिलं कुंकू आत्याच्या नाकावरच टेकवायला निघालो.

"द्या इकडं," वहिनी म्हणाली.

हळदीकुंकवाला लावतात तशी ती वडीलकीच्या क्रमानं गेली. आधी आईला, मग आत्याला, शेवटी स्वतःला. स्वतःचं जरा मोठंच लावलं. शाई वाळेपर्यंत फोटो हातात धरून उभी राहिली, आणि मग तिनंच तो त्या माणसाच्या हाती दिला.

लढाई संपल्यावर दादा आला. वाळून काटकी झाला होता, पण आला. चहा होईस्तोवर मला दम निघेना. विचारलंच, "फोटोतले ढग कसे वाटले?"

"कोणते ढग गा?"

त्यानं खिशातून फोटो काढला. घड्या पडून आकाशाचा भुगा झाला होता. आईचं नि आत्याचं कुंकू ओलीनं केव्हाच धुऊन गेलं होतं. वहिनीचं तेवढं होतं, पण शाईचं नव्हे. जांभळ्या पेन्सिलीचं, गिरवून गिरवून जाड झालेलं.

"घामानं पुसून जाये," दादा म्हणाला. "मग मी पुन्हा लावून देत जाओ."

वहिनीनं फोटो हातात घेतला आणि उजेडाकडं धरून पाहिला.

"वाकडं लावलं जी," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.